प्रस्तावना : दोन भोईवाडे, एक सारणी

मुंबईत भोईवाड्याचा पत्ता विचारला की समोरून उलट प्रश्न येतो, ‘कुठला? भुलेश्वरचा की परळचा?’ भुलेश्वरचा भोईवाडा झवेरी बाजार आणि तांबाकाट्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर. त्या सगळ्या भागात सोने, चांदी आणि तांबे यांची उलाढाल पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. परळचा भोईवाडा केईएम, वाडिया आणि टाटा या रुग्णालयांना लागून. तिथे जेरबाई वाडिया रस्त्यावर, टाटा रुग्णालयाच्या अ‍ॅनेक्स इमारतीत, भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर आहे. १९६३ साली सुरू झालेल्या या केंद्रात आयोडीन, टेक्नेशियम, फ्लोरिन यांसारखी मूलद्रव्ये उपचारासाठी आणि तपासणीसाठी वापरली जातात. एका भोईवाड्याच्या आसपास मूलद्रव्य तोळ्यावर मोजतात. दुसऱ्याच्या आसपास ते किती तासांत किंवा किती दिवसांत निम्मे उरेल यावर.

आवर्तसारणी समजून घ्यायला हे दोन पत्ते पुरतात, या समजुतीवर प्रस्तुत पुस्तकाची रचना केली आहे. भुलेश्वर शिकवते ते स्तंभ आणि ओळी यांचे गणित. परळ शिकवते ते एका खान्याच्या आत काय काय मावते. मधल्या भागात ही सारणी कोणी, कशी आणि कोणत्या अडचणींतून रचली, त्याचा इतिहास आहे.

पुस्तक लिहिण्याचे कारण साधे आहे. आपल्याकडे आवर्तसारणी दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात दुसऱ्याच धड्यात भेटते. डोबेरायनरची त्रिके, न्यूलँड्सचा अष्टकांचा नियम, मेंडेलीव्ह, आधुनिक सारणी, गुण आणि मर्यादा असे मुद्दे पाठ होतात, आणि पहिल्या वीस मूलद्रव्यांची नावे क्रमाने म्हणता आली की धडा आला असे धरले जाते. प्रयोगशाळेच्या भिंतीवरचा तक्ता तिथेच लटकत राहतो. तो यादी म्हणून पाहिला जातो, युक्तिवाद म्हणून वाचला जात नाही. वास्तविक त्या तक्त्यातला प्रत्येक खाना एक विधान करतो: ‘मी इथे आहे, म्हणून मी असा वागतो.’ हे विधान तपासता येते. सारणीची किंमत पाठांतरात नाही, या तपासण्यात आहे.

सुरुवात अगदी थोड्या सामग्रीवर करता येते. प्रत्येक खान्यात एक पूर्णांक असतो, तो अणुअंक. अणूच्या केंद्रकात जितके प्रोटॉन तितका त्याचा अणुअंक. तो बदलला की मूलद्रव्य बदलले. २९ म्हणजे तांबे, ३० म्हणजे जस्त. साडेएकोणतीस असे काही नसते. आडव्या ओळीला आवर्त म्हणतात, उभ्या स्तंभाला गण. ओळी सात, स्तंभ अठरा. भिंतीवरच्या कॅलेंडरात तारीख एकेकाने पुढे जाते आणि ठरावीक अंतराने तोच वार परत येतो. सारणीत अणुअंक तारखेसारखा पुढे सरकतो आणि स्वभाव वारासारखा परत येतो. फरक इतकाच की इथला आठवडा कायम सात दिवसांचा नसतो. तो लांबत जातो, आणि कसा लांबतो हेच सारणीचे मर्म आहे.

आता भुलेश्वरला जाऊ. सराफाच्या दुकानात जे तीन धातू हमखास भेटतात ते सारणीत एकाच स्तंभात, एकाखाली एक आहेत. अकरावा गण: तांबे २९, चांदी ४७, सोने ७९. वजाबाकी करून पाहा. तांब्यापासून चांदीपर्यंत १८, चांदीपासून सोन्यापर्यंत ३२. हे आकडे कुठून आले? सात ओळींतल्या मूलद्रव्यांची संख्या क्रमाने अशी आहे: २, ८, ८, १८, १८, ३२, ३२. बेरीज ११८, म्हणजे आज माहीत असलेली सगळी मूलद्रव्ये. तांब्याकडून चांदीकडे जाताना आपण अठराच्या ओळीतून जातो, चांदीकडून सोन्याकडे जाताना बत्तिसाच्या. हा हिशोब दुसऱ्या स्तंभावर करून पाहा. कॅल्शियम २०, स्ट्रॉन्शियम ३८, बेरियम ५६, रेडियम ८८. फरक १८, १८, ३२. पहिल्या स्तंभात सोडियम ११, पोटॅशियम १९, रुबिडियम ३७, सीझियम ५५. फरक ८, १८, १८. ज्याला ही सात आकड्यांची माळ माहीत आहे, त्याला कुठल्याही मूलद्रव्याचा खालचा-वरचा शेजारी तक्ता न पाहता सापडतो.

माळ अशीच का, याचे उत्तर इलेक्ट्रॉनांच्या मांडणीत आहे. केंद्रकाभोवतीच्या कवचांत उपकवचे असतात. त्यांना एस, पी, डी आणि एफ अशी नावे आहेत, आणि त्यांत अनुक्रमे २, ६, १० आणि १४ इलेक्ट्रॉन मावतात. पहिल्या ओळीत फक्त एस भरते, म्हणून २. पुढे एस आणि पी, म्हणून ८. त्यात डी मिळाले की १८, एफ मिळाले की ३२. इथे चांगल्या विद्यार्थ्याला एक शंका येतेच. तिसऱ्या कवचात अठरा इलेक्ट्रॉन मावतात असे धड्यात सांगितले, मग तिसऱ्या ओळीत आठच मूलद्रव्ये कशी? कारण तिसऱ्या कवचाचे डी उपकवच भरायच्या आधी चौथ्या कवचाचे एस भरते. ऊर्जेच्या हिशोबात ते स्वस्त पडते. म्हणून पोटॅशियम आणि कॅल्शियम नवी ओळ सुरू करतात, आणि मागे राहिलेल्या दहा जागा स्कँडियमपासून जस्तापर्यंत भरल्या जातात. लोखंड, निकेल, तांबे, जस्त ही आपल्या रोजच्या वापरातली मूलद्रव्ये याच उशिरा भरलेल्या दहा जागांतली आहेत. सारणीचा आकार मधे खोलगट आणि दोन्ही कडांना उंच का दिसतो, तेही यावरून कळते. डावीकडचे दोन स्तंभ एस-खंड, उजवीकडचे सहा पी-खंड, मधले दहा डी-खंड, आणि खाली वेगळ्या काढलेल्या दोन ओळी एफ-खंड.

भुलेश्वरच्या स्तंभाला आणखी एक गोष्ट सांगायची आहे. ९१६ चा शिक्का असलेल्या दागिन्यात हजारात ९१६ भाग सोने असते, म्हणजे २२ कॅरट. उरलेले ८४ भाग बहुधा तांबे आणि चांदी. शुद्ध सोने मऊ, त्याला कणखर करायला कारागीर त्याच्याच स्तंभातले दोन धातू वापरतो. चांदी आणि सोने यांच्या अणूंचा आकार जवळजवळ सारखा, त्यामुळे ते एकमेकांत कुठल्याही प्रमाणात मिसळतात. खरे तर सोन्याच्या अणूत चांदीपेक्षा ३२ इलेक्ट्रॉन जास्त. तो मोठा असायला हवा होता. पण मधे चौदा एफ-इलेक्ट्रॉनांची भर पडली, हे इलेक्ट्रॉन केंद्रकाची ओढ झाकण्यात कच्चे, आणि म्हणून बाहेरचे इलेक्ट्रॉन आत खेचले गेले. त्यात भर अशी की सोन्याचे केंद्रक इतके जड, की सर्वांत आतल्या इलेक्ट्रॉनांचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या निम्म्याहून जास्त होतो आणि सापेक्षतावादाचे परिणाम दिसू लागतात. सोन्याचा पिवळा रंग हा त्यातलाच एक परिणाम आहे. सराफा पेढीवर आइन्स्टाइनचे नाव कोणी घेत नाही, पण त्याच्याशिवाय सोने चांदीसारखे पांढरे दिसले असते.

स्तंभात साम्य असते म्हणजे सगळे एकसारखे असते असे नाही. वरून खाली जाताना गुणधर्म क्रमाने बदलतात, आणि या बदलाची दिशा वेगवेगळ्या स्तंभांत वेगळी असू शकते. पहिल्या स्तंभात खाली जावे तसा उग्रपणा वाढतो: सोडियम पाण्यात पेट घेऊ शकते, सीझियम स्फोटच करते. अकराव्या स्तंभात उलट. बिनकल्हईच्या तांब्याच्या भांड्यात ताक कळकते, चांदी नुसती काळवंडते, सोन्याला काही होत नाही. तेजाब म्हणजे नायट्रिक आम्ल तांबे आणि चांदी विरघळवते, सोन्याला हात लावत नाही. सोन्यासाठी आम्लराजच लागते. सोन्याचा कस पाहण्याची आणि ते गाळून शुद्ध करण्याची कितीतरी जुनी कारागिरी या एका उतरणीवर उभी आहे.

पुस्तकाचा दुसरा भाग इतिहासाचा आहे. तो मी मुद्दाम अडचणींचा इतिहास म्हणून लिहिला आहे. सारणी एका रात्रीत सुचली, अशी गोष्ट आपण मुलांना सांगतो आणि तिथेच तिची गंमत घालवतो. डोबेरायनरने १८२९ मध्ये क्लोरिन, ब्रोमिन, आयोडीन हे त्रिक मांडले. मधल्याचे अणुवस्तुमान दोन्ही टोकांच्या सरासरीजवळ येते हे त्याने दाखवले. न्यूलँड्सने १८६५ मध्ये दर आठव्या मूलद्रव्यात पहिल्याचे गुण परत येतात असे म्हटले. आपली पाठ्यपुस्तके हे सा रे ग म च्या आधाराने समजावतात आणि ते योग्यच आहे. पण हा नियम कॅल्शियमनंतर कोलमडतो. का, ते आता वाचकाला सांगता येईल: कॅल्शियमनंतर ओळ आठाची राहत नाही, अठराची होते. न्यूलँड्सने सगळे आठवडे सारखे धरले, तिथे तो फसला.

मेंडेलीव्हने १८६९ मध्ये तेव्हा माहीत असलेली ६३ मूलद्रव्ये मांडताना दोन धाडसे केली. गुणधर्म जुळत नसतील तर त्याने खाना रिकामा ठेवला. त्या रिकाम्या खान्यांतल्या मूलद्रव्यांना त्याने संस्कृत संख्यावाचक लावून एका-अ‍ॅल्युमिनियम, एका-सिलिकॉन अशी तात्पुरती नावे दिली आणि त्यांचे गुणही लिहून ठेवले. १८७५ मध्ये फ्रान्समध्ये गॅलियम सापडले. शोधणाऱ्या बुआबोद्रांने घनता ४.७ मोजली. मेंडेलीव्हने कळवले की ती ५.९ च्या आसपास हवी, पुन्हा मोजा. नमुना अधिक शुद्ध करून मोजल्यावर ती ५.९ भरली. ज्याने पदार्थ डोळ्यांनी पाहिला नव्हता, त्याने तो हातात असलेल्याची मोजणी दुरुस्त केली. पुढे १८७९ मध्ये स्कँडियम आणि १८८६ मध्ये जर्मेनियम सापडले, तेही त्याच्या भाकितांना धरून.

दुसरे धाडस जास्त मोलाचे, कारण तिथे त्याचा निर्णय बरोबर होता आणि कारण चूक. सारणी तो अणुवस्तुमानाच्या चढत्या क्रमाने रचत होता. टेल्युरियमचे अणुवस्तुमान आयोडीनपेक्षा जास्त. आजच्या आकड्यांत १२७.६ आणि १२६.९. क्रम पाळला तर आयोडीन आधी येईल आणि गंधकाच्या स्तंभात जाऊन बसेल; टेल्युरियम क्लोरिन-ब्रोमिनच्या पंक्तीत. दोघांचा स्वभाव त्याच्या साफ विरुद्ध. मेंडेलीव्हने क्रम मोडला, टेल्युरियम आधी ठेवले आणि सांगितले की त्याचे वजन मोजण्यात चूक झाली असणार. चूक झालेली नव्हती. पुढे आरगॉन-पोटॅशियम आणि कोबाल्ट-निकेल या जोड्यांतही हाच उलटा क्रम दिसला.

उत्तर १९१३ मध्ये आले, तेही दोन बाजूंनी. इंग्लंडमध्ये हेन्री मोझली क्ष-किरणांच्या साहाय्याने एकेक मूलद्रव्य तपासत होता. प्रत्येकातून निघणाऱ्या क्ष-किरणांची वारंवारता एका पूर्णांकाशी नियमाने बांधलेली आहे हे त्याने दाखवले. तो पूर्णांक म्हणजे अणुअंक. क्रम वजनाचा नाही, या अंकाचा आहे. टेल्युरियम ५२, आयोडीन ५३, वाद संपला. रिकामे खानेही आता मोजता आले, त्यातला एक ४३. दोन वर्षांनी, १० ऑगस्ट १९१५ रोजी, गॅलिपोलीच्या लढाईत मोझली मारला गेला. वय २७.

त्याच १९१३ मध्ये फ्रेडरिक सॉडीने दुसरा गुंता सोडवला. किरणोत्सर्गाच्या अभ्यासातून तीसेक नवी ‘मूलद्रव्ये’ निघाली होती आणि सारणीत तितके खाने उरले नव्हते. सॉडीने म्हटले की यांतली कित्येक एकाच खान्यातली आहेत. वजन वेगळे, किरणोत्सर्ग वेगळा, पण रसायनशास्त्राला त्यांच्यात फरक करता येत नाही. हीच समस्थानिके. त्याने आणि फायान्सने आणखी एक नियम दिला: अल्फा कण बाहेर पडला तर मूलद्रव्य दोन खाने डावीकडे सरकते, बीटा कण बाहेर पडला तर एक खाना उजवीकडे. म्हणजे खान्यातला रहिवासी कायमचा असतोच असे नाही. त्याचे स्थलांतर होऊ शकते, पण नियमाने.

इथून आपण परळच्या भोईवाड्यात पोहोचतो, आणि पुस्तकाचा तिसरा भाग सुरू होतो.

टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. त्याच वर्षी अमेरिकेत बोस्टनमध्ये सॉल हर्ट्झने थायरॉइडच्या रुग्णाला किरणोत्सर्गी आयोडीन देऊन उपचाराची सुरुवात केली. १९६२ मध्ये टाटा रुग्णालय अणुऊर्जा विभागाकडे आले आणि दुसऱ्या वर्षी शेजारी रेडिएशन मेडिसिन सेंटर उभे राहिले. आज महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून आणि देशभरातून रुग्ण परळला येतात. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरणाऱ्या कितीतरी कुटुंबांना आयोडीनची मात्रा, स्कॅन, पेट हे शब्द नाइलाजाने पाठ झालेले असतात. त्यांच्यातल्या एखाद्या मुलाने विचारले की औषधाला नेमके गळ्यातच जायचे कसे कळते, तर त्याचे उत्तर आवर्तसारणीत आहे.

थायरॉइड ग्रंथीला तिचे संप्रेरक बनवायला आयोडीन लागते. तिच्या पेशींच्या पटलावर एक प्रथिन असते, जे सोडियमबरोबर आयोडाइड आत ओढून घेते. मिठात आयोडीन घालण्याचा कायदा याच ग्रंथीसाठी आहे. आता हे प्रथिन आयोडीन ओळखते ते कशावरून? त्याच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनांवरून, आकारावरून, विद्युतभारावरून. केंद्रकात ७४ न्यूट्रॉन आहेत की ७८, हे त्याला दिसत नाही. निसर्गातले आयोडीन-१२७ आणि अणुभट्टीतले आयोडीन-१३१ त्याच्या लेखी एकच, कारण दोघांचा अणुअंक ५३. ग्रंथी दोघांनाही घरात घेते. १३१ चा आठ दिवसांत निम्मा भाग विघटन पावतो, हेच त्याचे अर्धायुष्य. त्यातून निघणारा बीटा कण पेशीजालात जेमतेम दोनेक मिलिमीटर जातो, म्हणून इजा जवळच्याच पेशींना होते. शिवाय गॅमा किरण बाहेर पडतो, त्यावरून औषध कुठे पोहोचले ते कॅमेऱ्याला दिसते. विघटनानंतर ते एक खाना उजवीकडे सरकून झेनॉन होते, ५४. झेनॉन हा राजवायू, कोणाशी सहसा संयोग न पावणारा.

आणि हे आयोडीन येते कुठून? शेजारच्या डाव्या खान्यातून. ट्रॉम्बेच्या अणुभट्टीत टेल्युरियमवर न्यूट्रॉनांचा मारा करतात. टेल्युरियम-१३० एक न्यूट्रॉन घेऊन १३१ होते, काही मिनिटांच्या अर्धायुष्याने त्यातून बीटा कण निघतो आणि ५२ चे ५३ होते. इथे इतिहासाची गाठ बसते. टेल्युरियम आयोडीनपेक्षा जड का, याचे कारण हेच की निसर्गातल्या टेल्युरियममध्ये १२८ आणि १३० या जड समस्थानिकांचा वाटा मोठा आहे, तर आयोडीनचे स्थिर रूप एकच, १२७. ज्या जडपणाने मेंडेलीव्हला पेचात टाकले, तोच जडपणा परळच्या औषधाचा कच्चा माल आहे. सारणी वजनाने रचली असती तर हा संबंध कधी दिसलाच नसता.

मोझलीने रिकामा दाखवलेला ४३ वा खाना १९३७ मध्ये भरला. इटलीत पालेर्मोला एमिलिओ सेग्रे आणि कार्लो पेरिए यांनी बर्कलेच्या सायक्लोट्रॉनमधून (कणांना वेग देणाऱ्या यंत्रातून) आलेल्या मॉलिब्डेनमच्या (४२) तुकड्यात ते मूलद्रव्य ओळखले. त्याचे एकही स्थिर समस्थानिक नाही, म्हणून खाणीत शोधून ते हाती लागत नव्हते. आज जगभरच्या स्कॅनमध्ये सर्वांत जास्त वापरले जाते ते हेच टेक्नेशियम. मॉलिब्डेनम-९९ चे अर्धायुष्य ६६ तास, त्यातून निघणाऱ्या टेक्नेशियम-९९एम चे सहा तास. रुग्णालयात जनित्रामध्ये मॉलिब्डेनम ठेवतात आणि गरजेप्रमाणे सलाइनने टेक्नेशियम काढून घेतात. ४२ आणि ४३ हे रासायनिकदृष्ट्या वेगळे, म्हणूनच एकातून दुसरे असे धुऊन काढता येते. एका खान्यातली भावंडे रसायनाने वेगळी होत नाहीत, शेजारच्या खान्यातली होतात. दोन्ही तत्त्वे एकाच इमारतीत रोज वापरली जातात.

स्तंभाचा नियमही इथे भेटतो. हाडांत कॅल्शियम असते. त्याच्या खालचे स्ट्रॉन्शियम रक्तात सोडले तर शरीर ते हाडात नेऊन ठेवते; हाडांत पसरलेल्या कर्करोगाच्या वेदनेवर म्हणूनच स्ट्रॉन्शियम-८९ देता येते. त्याच स्तंभाच्या तळाच्या रेडियमचेही तसेच. सीझियम पोटॅशियमच्या वाटेने स्नायूंत पसरते, म्हणून अणुअपघातानंतर त्याची धास्ती असते. पण नियमाच्या मर्यादाही इथेच दिसतात. थॅलियम तेराव्या गणातले असूनही हृदयाचे स्नायू ते पोटॅशियमसारखे घेतात, कारण आयनाचा आकार आणि भार जुळतो. टेक्नेशियमचा ऑक्सिजनयुक्त आयन थायरॉइडला आयोडाइडसारखा वाटतो. स्तंभ हा स्वभावाचा पहिला अंदाज आहे, शेवटचा शब्द नव्हे.

परळच्या केंद्रात २००२ मध्ये सायक्लोट्रॉन आला आणि पेट स्कॅन सुरू झाले. तिथे ऑक्सिजन-१८ वर प्रोटॉनचा मारा करून फ्लोरिन-१८ बनवतात: ८ चे ९, एक खाना उजवीकडे. साखरेसारख्या रेणूला जोडून ते शरीरात सोडतात. ११० मिनिटांत निम्मे पुन्हा ऑक्सिजन होते, एक खाना डावीकडे. सारणी बोटाखाली ठेवून हा प्रवास नववीतला मुलगाही आखू शकतो.

या प्रकरणांत एक नाव वारंवार येईल, ग्लेन सीबॉर्ग. आयोडीन-१३१, टेक्नेशियम-९९एम आणि कर्करोगावर वर्षानुवर्षे वापरलेले कोबाल्ट-६० या तिन्हींच्या शोधात १९३० च्या दशकाच्या अखेरीस त्याचा हात होता. आणि सारणीत शेवटचा मोठा बदलही त्यानेच सुचवला. थोरियम, युरेनियम ही मूलद्रव्ये तोवर मुख्य चौकटीत बसवली जात. त्याने ती बाहेर काढून लँथनाईडांच्या खाली स्वतंत्र ओळीत ठेवली. आजच्या तक्त्याच्या तळाशी दिसणारी दुसरी पट्टी त्याची.

शेवटचे प्रकरण अजून न मिटलेल्या जागांविषयी आहे. हेलियम त्यातलेच. बाहेरच्या कवचात दोन इलेक्ट्रॉन, म्हणजे मांडणीने ते दुसऱ्या स्तंभातले. स्वभावाने राजवायू, म्हणून अठराव्यात. आपल्याकडे हेलियमचा शोध विजयदुर्गावरून लागला असे हौसेने सांगतात आणि १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिनही साजरा होतो. १८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास ग्रहण खगोलशास्त्रज्ञ जान्सेनने गुंटूरहून आणि जॉन हर्शेलने जमखंडीहून पाहिले. हा शोध ज्याच्या नावावर सांगतात तो नॉर्मन लॉकियर त्या वर्षी इंग्लंडमध्येच होता, आणि हेलियम ज्यावरून ओळखले गेले ती सूर्यप्रकाशातली पिवळी रेषा त्याला तिथून दिसली. विजयदुर्गाला तो आला तो २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. किल्ल्याचे महत्त्व त्यामुळे कमी होत नाही, तारीख मात्र नीट लावली पाहिजे. हायड्रोजनची जागा पहिल्या गणात की स्वतंत्र, यावर आजही मते आहेत. स्कँडियम-यिट्रियमखाली लँथॅनम हवे की ल्युटेशियम, हाही जुना वाद. २०२१ मध्ये शुद्ध आणि उपयोजित रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या कार्यगटाने ल्युटेशियमच्या बाजूने कौल दिला. ते ल्युटेशियम आज कर्करोगाच्या उपचारात वापरले जाते. रुग्णाला त्याचा स्तंभ कुठला याने फरक पडत नाही. विद्यार्थ्याला पडला पाहिजे.

हे पुस्तक दहावी ते बारावीच्या मुलांसाठी, त्यांच्या शिक्षकांसाठी आणि शाळा सुटल्यावर ज्यांची सारणीही सुटली त्या सगळ्यांसाठी आहे. गणित वजाबाकीपलीकडे नाही. संज्ञा शक्यतो पाठ्यपुस्तकातल्याच ठेवल्या आहेत, म्हणजे वर्गात आणि पुस्तकात दोन भाषा होणार नाहीत.

वाचकाला एकच विनंती. प्रत्येक प्रकरण उघडण्यापूर्वी तक्ता समोर ठेवा, त्या मूलद्रव्याच्या चारही बाजूंचे शेजारी पाहा आणि ते कसे वागेल हे कागदावर लिहा. मग प्रकरण वाचा. अंदाज बरोबर आला तर सारणी तुम्हाला वाचता येते. चुकला तर आधी स्तंभ तपासा, मग ओळीची लांबी, आणि त्यानंतरच पाठांतराकडे वळा. बहुतेक वेळा तिथवर जाण्याची गरज पडणार नाही.